बरा असेल तर एक

भिवंडीत कामतघरच्या नाक्यावर एका ट्रस्टचा दवाखाना होता. धम्मदिना तिथे नर्स होती आणि दम्याच्या पेशंटांचं सगळं काम तिच्याकडे होतं. रोज सकाळी दवाखान्याच्या नंबरावरून त्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज जायचा : 'आज श्वास कसा आहे? बरा असेल तर १, जड वाटत असेल तर २, फार त्रास असेल तर ३ पाठवा.' उत्तर आलं की कॉम्प्युटरवर त्या माणसाच्या नावापुढे रंग उमटायचा. एकला हिरवा, दोनला पिवळा, तीनला लाल. पिवळ्यांना धम्मदिना फोन करायची, औषधाचा पंप नीट ओढता का म्हणून विचारायची. लाल दिसला की मात्र बसून चालायचं नाही. वाफेचं छोटं मशीन आणि ऑक्सिजनची टाकी उचलायची, बाळारामच्या रिक्षात टाकायची आणि त्या घरी पोचायचं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा कोणाला फारसा भरवसा वाटला नव्हता. पण ते चाललं. लूमवरची, म्हणजे यंत्रमागांवरची, माणसं दम लागला तरी दवाखान्याची पायरी चढत नसत. शिफ्ट बुडाली की शेठ बदली माणूस उभा करायचा. मोबाइलवर एक आकडा दाबायला मात्र कोणाची ना नव्हती. कितीतरी जणांना वेळेवर औषध मिळालं, आणि धम्मदिनाला गल्लीतून जाताना लोक 'दमेवाली ताई' म्हणून हाक मारू लागले.

तिच्या यादीत तिचे वडीलही होते. कोंडूने उमेदीची सगळी वर्षं लूमच्या खडखडाटात काढली होती. त्या खडखडाटाने कान अधू केले आणि उडणाऱ्या कापसाने छाती. काम सुटलं तरी खोकला सुटला नाही. पण माणूस मोठा बोलका. चाळीत कोणाचं भांडण असो की बारसं, कोंडू दारातल्या पायरीवर बसून त्यात तोंड घालणारच. लेकीच्या मेसेजचं त्याला भारी हसू यायचं.

"एका खोलीत ऱ्हातो आपन," तो म्हणायचा. "सकाळी माझ्यासमोर चाय पिऊन जातेस, आन तिकडं जाऊन इचारतेस श्वास कसा हाय? समोर असताना काय झालं व्हतं?"

"तो मेसेज मशीन पाठवतं, बाबा. मी नाही."

"मशीनला सांग, कोंडू बरा हाय म्हनून."

तरी उत्तर तो नेमाने द्यायचा, आणि पाठोपाठ फोनही करायचा. "दिना, एक पाठवलाय बघ. पोचला का?" ती कामात असली तरी हसून म्हणायची, "पोचला, बाबा."

दिवाळीत मात्र एक प्रकार घडला. फटाक्यांच्या धुराने दवाखान्यात रीघ लागली होती. अंजूरच्या सीताबाईंना त्यांचा मुलगा धनेश स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता. खाडीकाठच्या त्यांच्या शेतांवर आता गोदामं उभी होती. धनेश ती भाड्याने द्यायचा, आणि ट्रस्टला दरवर्षी देणगीही द्यायचा. धम्मदिनाने सीताबाईंच्या तोंडाला मास्क लावला, वाफ सुरू केली, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरवर बाबांच्या नावापुढे लाल रंग उमटला.

तिने मागचापुढचा विचार केला नाही. शिपाई बाईला 'इकडे लक्ष ठेवा' म्हणाली आणि चपला पायात सरकवत घराकडे धावत सुटली. कोंडू भिंतीला टेकून बसला होता. घाबरला होता, घामाघूम झाला होता. पण पंपाचे दोन झुरके घेतल्यावर त्याचा श्वास ताळ्यावर आला. "उगाच भ्यालो बघ," तो ओशाळून म्हणाला.

इकडे सीताबाईंचं औषध संपून नुसता मास्क तोंडाला राहिला होता आणि त्यांचा जीव घुसमटायला लागला होता. धम्मदिना परत आली तेव्हा धनेश सगळ्यांसमोर ओरडत होता, "हिच्या बापाचा जीव तो जीव, आणि माझ्या आईचा काय पालापाचोळा?" रीमा मॅडमनी, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरांनी, त्याला कसंबसं शांत केलं. मग धम्मदिनाला आत बोलावलं.

"तुझे वडील आहेत, मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण ड्युटीवर असताना ते इतरांसारखेच एक पेशंट. पुन्हा असं झालं तर मला वर उत्तर द्यावं लागेल, आणि तुला कदाचित नोकरी सोडावी लागेल."

त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा धम्मदिनाचं डोकं तापलेलंच होतं. कोंडूने तिच्यासाठी करंज्या झाकून ठेवल्या होत्या. ताटली पुढे सरकवत तो काही बोलणार, तोच ती म्हणाली, "बाबा, जरा कुठे धाप लागली की तीन दाबत जाऊ नका. तिकडे खरंच मरणाच्या दारात असलेली माणसं असतात. त्यांना सोडून मला पळत यावं लागतं."

चंपा, तिची आई, स्टोव्हपाशी होती. तिने मान वळवली. "बापाशी असं बोलतात का गं?"

"बोलू दे," कोंडू म्हणाला. "खरं हाय तिचं. चूक माझीच झाली. आता न्हाय."

आणि खरोखरच त्यानंतर त्याने तीन कधी पाठवला नाही. दोनसुद्धा नाही. रोज एक. फोनही करेनासा झाला, म्हणायचा, "तू कामात असशील." धम्मदिनाला ते बरं वाटलं. संध्याकाळी ती घरी येतच होती, त्याला डोळ्यांनी बघतच होती. पंप संपत आला की नवा आणूनही देत होती. यात काही वावगं असेल असं तिच्या मनाला शिवलं नाही.

जानेवारीतल्या एका पहाटे अंजूरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या भंगाराचं एक गोदाम पेटलं. भिवंडीला गोदामांच्या आगी नव्या नाहीत; लोक गच्चीवर जाऊन धुराचा लोट बघतात, कोणाचं गोदाम म्हणून विचारतात आणि कामाला लागतात. पण त्या दिवशी वारा पडलेला होता आणि थंडी होती. धूर वर गेलाच नाही. काळसर पिवळा थर होऊन तो जमिनीला चिकटला आणि हळूहळू कामतघरच्या गल्ल्यांमध्ये शिरला.

चंपा आदल्या दिवशीच अंबाडीला बहिणीकडे गेली होती, भाचीच्या साखरपुड्याला. धम्मदिना घरून निघाली तेव्हा धूर अजून लांब होता. कोंडू स्टोव्हवर चहा ठेवत होता.

"खिडकी लावून घ्या," ती म्हणाली. "बाहेर पायरीवर बसू नका आज."

"न्हाय बसत. तू जा."

ती दवाखान्यात पोचली तेव्हा मेसेज गेलेले होते आणि उत्तरं येत होती. एरवी त्या पडद्यावर हिरवळ असायची. आज एकाखाली एक लाल उमटत होता. दाराबाहेर रिक्षा थांबत होत्या, माणसं माणसांना धरून आत आणत होती. आतलं मोठं मशीन एकाच्या तोंडावरून काढून दुसऱ्याला लावावं लागत होतं. रीमा मॅडमनी भराभर कामं वाटली. जे चालू शकतात त्यांना फोन करून दवाखान्यात बोलवायचं. जे हलूच शकत नाहीत त्यांच्याकडे धम्मदिनाने जायचं.

तेवढ्यात धनेशचा फोन आला. दिवाळीतला आवाज नव्हता तो. "ताई, आईचे ओठ काळे पडलेत. बोलत नाय ती. गाडी काढायला जागा नाय हो, पुढे बंब उभे हायत, मागे कंटेनर. काहीतरी करा."

सीताबाईंच्या नावापुढे लाल होताच. धम्मदिनाने मशीन उचललं, बाळारामने टाकी घेतली. दारापर्यंत गेली आणि थबकली. मागे फिरून तिने पडद्यावर बाबांचं नाव शोधलं. त्याच्यापुढे कुठलाच रंग नव्हता. उत्तरच आलेलं नव्हतं.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजता वाजता मध्येच फोन कट झाला. ती पुन्हा लावणार, इतक्यात त्यांचा मेसेज आला. १. नाव हिरवं झालं.

तिचा जीव भांड्यात पडला. संडासला गेले असतील, नाहीतर कान काम करत नाहीत म्हणून कंटाळून कट केला असेल, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. धूर चाळीपर्यंत पोचला नसेल, असंही वाटलं. खरं तर दवाखान्याच्या दारातून समोरचं दुकान दिसत नव्हतं, आणि चाळ तिथून दोन गल्ल्यांवर होती. पण हिरवा रंग डोळ्यांसमोर होता आणि धनेशचा आवाज कानात.

"चल," ती बाळारामला म्हणाली.

बाळारामने मोठा रस्ता सोडला आणि गोदामांच्या मागून, कच्च्या वाटेने रिक्षा घातली. दोघांनी तोंडाला ओले रुमाल बांधले होते तरी घशात जळत होतं. धनेशचं घर म्हणजे गोदामांच्या पत्र्यांमध्ये उभा असलेला नवा कोरा बंगला. सीताबाई पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गादी दाबत होत्या. गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. धम्मदिनाने स्टेथोस्कोपची नळी छातीला लावली. आत काहीच आवाज नव्हता, आणि तीच भीतीची गोष्ट होती.

तिने मास्क लावला, टाकी जोडली, दंडात इंजेक्शन दिलं, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. "सीताबाई, माझ्याकडे बघा. सोडा श्वास. घाई नको. सोडा." धनेश दाराशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. बऱ्याच वेळाने म्हातारीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. धनेश घाबरून पुढे आला.

"घाबरू नका," धम्मदिना म्हणाली. "आवाज येतोय म्हणजे हवा चालली आहे."

ओठांचा काळेपणा उतरत गेला. सीताबाईंनी मास्क जरा बाजूला केला आणि तुटक म्हणाल्या, "पोरी... पानी दे." धम्मदिनाने त्यांना घोट घोट पाणी पाजलं. त्या वेळी तिला जे समाधान वाटलं ते ती पुढे स्वतःला कधी विसरू देणार नव्हती.

फोन वाजला. रीमा मॅडम होत्या.

"धम्मदिना, तिथलं आटोपलं असेल तर लगेच ये."

"कोण आहे मॅडम? कोणाचा तीन आला?"

त्या म्हणाल्या, "तुझे बाबा."

"बाबांचा एक आहे, मॅडम. मी निघताना बघितलाय. एक आहे त्यांचा."

"तू ये," रीमा मॅडम म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या बाकावर कोंडूला निजवलेलं होतं. पायांवर कोणीतरी चादर घातली होती, तोंड उघडंच होतं. आजूबाजूच्या खोकणाऱ्या माणसांनी त्या बाकाभोवती थोडी जागा सोडली होती. धम्मदिनाने मनगट धरलं, छातीला नळी लावली, सगळं केलं. मघाशी सीताबाईंच्या छातीत होती तशीच शांतता इथेही होती. पण इथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रीमा मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणलं तेव्हाच जवळजवळ संपलं होतं. मोठं मशीन दुसऱ्याचं काढून लावलं मी. इंजेक्शन दिलं. परत नाही आले."

मनोज भिंतीशी उकिडवा बसला होता. चाळीसमोर त्याची चहाची टपरी होती. त्यानेच कोंडूला पाठीवर घालून आणलं होतं. त्याचा शर्ट घामाने आणि काजळीने काळा झाला होता. धम्मदिना त्याच्यासमोर खाली बसली.

"काय झालं, मनोज? सगळं सांग."

"ताई, काका उंबऱ्यात बसले होते. खोलीत धूर भरला होता, वरच्या झरोक्यातून आला असणार. मी धावलो. त्यांच्या हातात मोबाइल वाजत होता. तुमचं नाव दिसलं मला. मी म्हटलं, काका उचला, दिनाताई हाय. त्यांनी मान हलवली."

"का?"

"बोलता कुठे येत होतं त्यांना? एक शब्द फुटत नव्हता. उचलला असता तर तुम्हाला कळलंच असतं ना." मनोजने तोंड पुसलं. "त्यांनी कट केला आणि बोटाने तो एक दाबला. मी ओरडलो, काका, हे काय करता? मी लावतो ताईला. तर मोबाइल छातीशी धरून ठेवला. हाताने असं केलं..." त्याने हात हवेत हलवून दाखवला, जाऊ दे तिला, असा. "मग मी रिक्षाला पळालो. रिक्षा कुठली मिळते? सगळ्या इकडेच आलेल्या. परत आलो तर ते आडवे झाले होते. मग पाठीवर घेतलं. ताई, मी आधीच उचलून आणायला पाहिजे होतं."

"तुझी काही चूक नाही," धम्मदिना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. आत पडद्यावर कोंडूचं नाव अजून हिरवं होतं.

चंपा दुपारी अंबाडीहून आली. नव्या साडीतच होती, केसांत साखरपुड्याचा गजरा तसाच. तिने नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, त्याच्या हनुवटीची काजळी पदराने पुसली, मग लेकीकडे बघून विचारलं, "तू दोन गल्ल्या पलीकडं व्हतीस. तुला कळलं कसं न्हाय?"

धम्मदिनाला खोटं बोलता आलं असतं. मोबाइल बिघडला, मेसेज चुकला, काहीही. पण तिने सगळं सांगितलं. फोन लावला ते, कट झाला ते, एक आला तो. आपण अंजूरला गेलो ते. आणि दिवाळीत आपण काय बोललो होतो तेही पुन्हा एकदा आईसमोर उच्चारलं. चंपा ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने गजरा काढला, बाजूला ठेवला, आणि त्या दिवशी लेकीशी पुन्हा बोलली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीच्या चौकात मांडव घातला होता. पंचशील झालं, वंदना झाली, लूमवरचे जुने सोबती कोंडूच्या गोष्टी सांगून गेले. सगळे पांगत असताना धनेश आईला धरून आला. सीताबाई कशाबशा चालत होत्या. कोणीतरी त्यांना सगळं सांगितलं असावं. त्या चंपासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि काही बोलायच्या आत त्यांना रडू आलं. रडण्याने खोकला आला. चंपाने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला. जे आल्या माणसाला करायचं ते सगळं केलं. धनेश धम्मदिनाला म्हणाला, "ताई, मी दिवाळीत तोंडाला येईल ते बोललो. ते मनातून काढून टाका." ती "हं" म्हणाली. त्याच्यावर रागवावं एवढंही बळ तिच्यात नव्हतं.

ती माणसं गेल्यावर चंपा भांडी आवरत, तिच्याकडे न बघता बोलली. "तू गेली नसतीस तर ती बाई मेली असती. ठावं हाय मला. लोक म्हनतात, मोठं काम केलं तुज्या लेकीनं. असंल. पन मला ती बाई कोन? मला माझा नवरा पायजे व्हता."

धम्मदिनाने तिच्या हातातली ताटं घेतली आणि विसळायला बसली.

ती पुन्हा ड्युटीवर गेली तेव्हा ट्रस्टचे लोक आले होते. आगीच्या दिवशी योजना कशी चालली याची बैठक होती. एक साहेब कौतुकाने म्हणाले की जवळपास सगळ्या लाल पेशंटांपर्यंत आपण पोचलो. दगावला तो एकच, आणि त्याने उत्तरच चुकीचं दिलं होतं. रीमा मॅडमनी खाली बघितलं. धम्मदिना उठून उभी राहिली.

"त्यांनी फोन कट केला तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आकड्याला धाप लागत नाही, साहेब. आवाजाला लागते. धूर असेल त्या दिवशी एक पाठवणाऱ्यालाही फोन गेला पाहिजे, आणि तो बोलला नाही तर माणूस गेला पाहिजे."

साहेब म्हणाले, विचार करू, पण एवढी माणसं आणायची कुठून? रीमा मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला आपणच करू. मग धूर असो नसो, त्या दोघी वाटून घेऊन हिरव्यांनाही फोन करू लागल्या. सगळ्यांना पुरे पडत नसत. कोणी वैतागायचं, "ताई, एक पाठवलाय ना?" धम्मदिना म्हणायची, "पाठवलात. आता काल काय जेवलात ते सांगा." आणि ते सांगत असताना वाक्य कुठे तुटतं ते ऐकत राहायची. कधी एखादं वाक्य तुटायचं, आणि ती उठायची.

घरात आई आणि ती एकमेकींना लागेल तेवढंच बोलत. चंपा डबा करून ठेवायची, ती घेऊन निघायची. उन्हं तापू लागली तरी तसंच चालू होतं. मग एका दुपारी, गर्दीच्या वेळी, चंपा दवाखान्यात आली. धम्मदिनाला वाटलं काही दुखतंय. ती घाईने पुढे गेली.

"काय होतंय, आई?"

"काय न्हाय." चंपाने आजूबाजूला बघितलं. "कुठं निजवलं व्हतं त्याला?"

धम्मदिनाने बोट केलं. बाहेरच्या बाकावर दोन माणसं बसली होती. ती सरकली. चंपा जाऊन बसली, हाताने लाकूड चाचपलं, मग दोन्ही हात मांडीवर घेऊन समोर बघत राहिली. धम्मदिना तिच्या शेजारी उभी होती. आतून रीमा मॅडमनी हाक मारली तरी ती हलली नाही.

थोड्या वेळाने एक लूमवाला आपल्या बायकोला धरून आत आला. बाई खोकून खोकून वाकली होती, नवरा हिंदीत कोणीतरी जागा द्या म्हणून सांगत होता. बाक भरलेला होता. चंपा उठली. तिने त्या बाईचा दंड धरून तिला आपल्या जागी बसवलं, पदराने तिच्या कपाळाचा घाम टिपला, आणि लेकीला म्हणाली, "हिला बघ आधी. मी जाते घरी."